मे महिन्यातला डोह: भांडुपच्या एका मुलीने गोड्या पाण्यातल्या माशांचं काम कसं धरलं

नाव बदललंय. नदीचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, का ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

वैदेही म्हणूया तिला. भांडुपला पश्चिमेकडे, डोंगराच्या बाजूच्या चाळीत राहते, वडील बेस्टमध्ये कंडक्टर, आई घरून पोळीभाजीचे डबे देते, धाकटा भाऊ तेव्हा बारावीला. २०२१ ला झूलॉजी घेऊन बीएससी झाली. तिच्या बॅचची शेवटची दीड वर्षं कोरोनामुळे ऑनलाइन गेली, म्हणजे प्रॅक्टिकल सगळं मोबाइलच्या स्क्रीनवर, कॉलेजात हातात मासा असा एकदाही नाही. घरात मात्र मासे कायम होते. क्रॉफर्ड मार्केटमधून वडिलांनी आणलेली दोन फुटांची काचेची टाकी, आणि पावसाळ्यात डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यात भावाबरोबर ओढणीने पकडलेले मासे ती त्याच टाकीत सोडायची. पुढे तिला कळलं की नाल्यातले ते बहुतेक सगळे गप्पी होते, डास कमी व्हावेत म्हणून सोडलेले, मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. मग इथले मूळचे कुठे गेले, हा प्रश्न तिला तिथे पडला आणि तो काही सुटला नाही.

मी सह्याद्रीतल्या नद्यांच्या माशांवर गेली चौदा वर्षं काम करतेय. तिच्या एका मॅडमनी माझा नंबर दिला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ती भेटायला आली. बसली आणि पहिलंच वाक्य, "ताई, मला गोड्या पाण्यातल्या माशांसाठी काम करायचंय, याची नोकरी कुठे मिळते?" माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं.

अडचण नेमकी काय होती

पहिली गोष्ट म्हणजे मुंबईत समुद्र आहे, त्यामुळे निसर्गाची आवड असलेल्या पोरांना किनाऱ्यावरच्या फेऱ्या, खारफुटी, फ्लेमिंगो हे सगळं सहज सापडतं, नदीचं काही सापडत नाही. मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा या चार नद्यांचा उगम नॅशनल पार्कच्या डोंगरात आहे पण आपण सगळे त्यांना नाला म्हणतो आणि नाल्यात मासा जपायचा असं कोणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. आपल्याकडे वाघ, बिबट्या, कासव यांचं बघायला वनविभाग आहे, पण वन्यजीव कायद्याच्या अनुसूच्यांमध्ये गोड्या पाण्यातले मासे फारच थोडे आहेत. मासा जातो मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि त्या विभागाचं मुख्य काम उत्पादन वाढवणं, तळ्यात बीज सोडणं. म्हणजे बोटाएवढा मासा, जो कोणी विकत नाही, तो दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडतो आणि त्याच्यासाठी काम करणारी जागाही त्याच फटीत पडते. जाहिरातच निघत नाही. वैदेहीने वर्षभरात जिथे जिथे मेल केले तिथून एकच विचारणा यायची, "म्हणजे मत्स्यशेती का?"

आणि गरज किती आहे ते बघा. जगाच्या पृष्ठभागाच्या १ टक्क्याहून कमी भागात गोडं पाणी आहे आणि माशांच्या निम्म्या प्रजाती त्यात राहतात. जानेवारी २०२५ मध्ये गोड्या पाण्यातले मासे, खेकडे-कोळंबी आणि चतुर अशा २३,००० हून जास्त प्रजातींचा जागतिक आढावा आला, त्यात २४ टक्के धोक्यात निघाल्या. पश्चिम घाटाचा असा आढावा २०११ ला झाला होता, २९० प्रकारचे मासे तपासले आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त धोक्यात. इतकं असून हातात काम द्यायला कोणी नाही, याचा त्रास मलाही होतो, तिच्यासारख्या पोरी समोर बसल्या की जास्तच होतो.

तिसरी गोष्ट पैसा. घराचा हप्ता चालू, भावाची फी समोर, आणि वडिलांच्या निवृत्तीला सहा वर्षं. तिच्या आईने मला फोनवर स्पष्ट विचारलं, "ताई, यात पोट भरतं का?" मी म्हटलं, भरतं, पण पहिली तीन-चार वर्षं नाही भरत. खोटं सांगणं मला बरोबर वाटलं नाही.

कोणते पर्याय समोर होते

वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ पासूनची, भांडुपहून तासा-दीड तासावर. तिचा पहिला विचार तोच होता. पण तिला हव्या त्या विषयाला बीएफएससी, म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, लागत होतं आणि तिचं होतं साधं बीएससी. मग रत्नागिरीच्या शिरगावला जाऊन पुन्हा पहिल्यापासून चार वर्षांचं बीएफएससी करायचं का, यावर घरात दोन आठवडे चर्चा झाली. शिक्षण चांगलंच आहे, सरकारी नोकरीची वाटही त्यातून निघते, पण वय, चार वर्षं, हॉस्टेलचा खर्च, जमण्यासारखं नव्हतं.

बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतला वन्यजीव विषयाचा एमएससी हा दुसरा. देशातल्या चांगल्यात चांगल्यांपैकी एक, पण प्रवेश दोन वर्षांतून एकदा, जागा अगदी मोजक्या, आणि त्या खेपेची फॉर्मची तारीख ती मला भेटायच्या आधीच उलटून गेलेली.

परदेशात मास्टर्स करायचं एका एजंटने तिच्या डोक्यात भरवलं होतं, पंचवीस-तीस लाखांचं कर्ज. इथे मी जोरात नाही म्हटलं. परत आल्यावर इथे ज्या पगाराच्या जागा आहेत त्यात तो हप्ता फिटत नाही, आणि इथली नदी तिथे शिकवत नाहीत.

उरले दोन. ठाण्यातली एक पॅथॉलॉजी लॅब महिना १५,००० देत होती. किंवा मुंबईतच कमी फीमध्ये झूलॉजीचं एमएससी, संध्याकाळी आठवी ते दहावीच्या शिकवण्या, आणि रविवार नदीला. माझा आपला सल्ला असा की एखाद्या संस्थेत सहा महिने बिनपगारी राहावं, ओळखी होतील. वैदेहीने तो ऐकला नाही. तिचं म्हणणं, "ताई, बिनपगारी काम ज्यांना परवडतं त्यांचं आहे ते." ती बरोबर होती. हा सल्ला मी आता कोणालाच देत नाही.

प्रत्यक्षात काय केलं

एमएससीला प्रवेश घेतला, शिकवण्यांतून महिन्याला नऊ हजारापर्यंत यायला लागले. आता नदी कुठली? दहिसर नदीचा वरचा भाग तिला हवा होता पण तो नॅशनल पार्कात, आत अभ्यास करायचा तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, नागपूरपर्यंत कागद जातो, एमएससीच्या मुलीला वेळेत मिळेल याची खात्री नाही. म्हणून कर्जत तालुक्यात, जंगलाच्या हद्दीबाहेर, उल्हासला मिळणारी एक छोटी नदी निवडली. पहाटे भांडुपहून स्लोने ठाणे, ठाण्याला कर्जत लोकल, पुढे टमटम. दर दुसऱ्या रविवारी.

पहिले चार महिने जवळजवळ वाया गेले. ती फोटो आणायची, तळहातावर ओला चकाकणारा मासा, पंख मिटलेले, मागे पिवळा नेलपेंट. त्यावरून ओळख पटत नाही. मग आम्ही तिला एक छोटी काचेची पेटी करून दिली, आठ इंच लांब, चार इंच रुंद, आत मागच्या बाजूला सरकणारी काच, म्हणजे मासा पुढच्या काचेला समांतर राहतो, पंख उघडतो, बाजूला पट्टी लावलेली. डावी बाजू, डोकं डावीकडे, एक मिनिटात फोटो आणि परत पाण्यात. त्या पेटीत पहिल्यांदा मळ्या नावाचा मासा ठेवला तेव्हा तो काचेला खालून चिकटला आणि त्याच्या हनुवटीखालची ती गोल चकती, जिच्या जोरावर तो धो धो पाण्यात दगड धरून राहतो, तिला समोर दिसली. तिने त्याच रात्री मला तो फोटो पाठवला, खाली फक्त "बघा" एवढंच.

खवले मोजायला शिकली, मिशा किती, पाठीच्या पंखात काटे किती. हे कंटाळवाणं काम आहे पण यावरच सगळं उभं आहे. आपल्याकडे आवड असलेली माणसं खूप आहेत, दांडवण कोणता आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणता हे हातात घेऊन सांगणारी फार कमी.

नदीची खरी ओळख मात्र तिला करून दिली वाडीवरच्या एका कातकरी मावशींनी. वैदेही जाळं घेऊन भर उन्हात उथळ पाण्यात उभी असायची, मावशी दोन रविवार बघत होत्या, तिसऱ्याला म्हणाल्या, "तिथं काय मिळनार बाय, मासा दुपारचा मुळाखाली असतो." आणि पाण्यात हात घालून काठच्या उंबराच्या मुळांतून दोन शिंगट्या काढून दाखवल्या. त्यानंतर ती आधी मावशींकडे चहाला आणि मग नदीवर.

मावशींनीच डोह दाखवला. मे २०२३ मध्ये नदी म्हणजे नुसते पांढरे दगड, आणि एका वळणावर लोकलच्या दोन डब्यांएवढं पाणी. मैलभर नदीतले सगळे मासे त्यात येऊन राहिलेले, जूनपर्यंत. तो आटला की पुढच्या वर्षी नदीत मासा नाही, इतकं साधं गणित. डोहाच्या काठी एका फार्महाउसची मोटर बसवलेली होती. वैदेहीने बांबूला चिकटपट्ट्या लावून खोली मोजायला सुरुवात केली, तीन आठवड्यांत पाणी दीड मीटरवरून निम्म्याच्याही खाली आलं. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो म्हणून ती शनिवारी रात्री मावशींकडे मुक्कामाला राहून उजाडायच्या आत पाण्यावर जायची. पहाटे साडेपाचला सगळे मासे तोंडं वर काढून पृष्ठभागाशी, आणि सगळा डोह बारीक पाऊस पडल्यासारखा टिपटिपतोय. तो व्हिडिओ मी अजून जपून ठेवलाय.

इथे पहिला मोठा निर्णय आला. तिच्या गाइडना हवी होती नदीतल्या माशांची यादी, दोन वर्षांत होणारी, सुरक्षित. तिला करायचा होता डोह. मीही तिला यादीच सांगितली, म्हटलं आधी पदवी घे मग हवं ते कर. तिने दोन्ही केलं, यादी प्रबंधासाठी आणि डोहाच्या नोंदी स्वतःच्या वहीत, दर पंधरवड्याला खोली, तापमान, ऑक्सिजन, कोणता मासा दिसला. यादीत २३ प्रकार आले, त्यातले चार बाहेरचे: चिलापी, गप्पी, टाकीतून कोणीतरी सोडलेला सकर, आणि थाई मागूर, ज्याच्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे.

रीलचं प्रकरण

यात तिची चूक होती आणि ती स्वतःही तसंच सांगते.

जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, ओढ्यात, भातखाचरांत, अंडी घालायला. यालाच वलगण म्हणतात आणि ठाणे-रायगडकडे लोक वर्षभर या दोन-तीन रात्रींची वाट बघतात. ओढ्याच्या तोंडाशी खोयन म्हणजे मासे अडकवायचा सापळा लावतात, पाग म्हणजे फेकायचं जाळं टाकतात, बत्त्या घेऊन अख्खी वाडी बाहेर. पोटात अंडी असलेला मासा सगळ्यात चविष्ट लागतो आणि तोच जातो. वैदेहीने हे पहिल्यांदा पाहिलं आणि हादरली. रात्रीच शूट केलं, सकाळी लोकलमध्ये बसून रील टाकली, "अंड्यांवर आलेले मासे असे मारले जातायत", सोबत गावाचं नाव आणि लोकेशन.

दोन दिवसांत हजारो लोकांनी बघितली. पुढच्या शनिवारी मुंबई-पुण्याकडून गाड्या आल्या, ते मासे वाचवायला नाही, पकडायला. जाळी विकत घेऊन आलेली पोरं. आणि खालच्या कमेंटमध्ये कातकऱ्यांना काय काय शिव्या. मावशींच्या नातवाने ते सगळं त्यांना वाचून दाखवलं. पुढच्या रविवारी ती गेली तेव्हा मावशींनी दार उघडलं नाही.

तिने मला स्टेशनवरून रडत फोन केला. काय करायचं? रील काढून टाकायची हे उघड होतं, ती काढली. पण दुसरी रील टाकून माफी मागायची का, ग्रामपंचायतीत जायचं का, की नदीच बदलायची? मी म्हटलं जिथे दुखवलं तिथे जा, मोबाइल न काढता. ती गेली, तीन वेळा गेली, तिसऱ्यांदा मावशी म्हणाल्या, "आमी किती जन, खोयनी किती? आनि ती मोटर वर्षभर पानी खेचते, तिचा फोटू तू काढला नाय."

हे वाक्य वैदेहीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. वलगणीतल्या मासेमारीचा माशांवर परिणाम होतच नाही असं मी म्हणणार नाही, होतो, गाळणीसारखी बारीक नायलॉनची जाळी आल्यापासून जास्तच होतो. पण उन्हाळ्यात डोह उपसणं, ब्लीचिंग पावडर ओतणं, जिलेटीन लावणं याने एका दुपारी जेवढं जातं त्याच्यापुढे खोयन कितीशी? विष आणि स्फोटकं वापरून मासे मारायला तर १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे, आणि तो कायदा वाडीवर कोणाला माहीत नव्हता, तिलाही नव्हता.

नंतर काय झालं

२०२४ च्या उन्हाळ्याआधी ती डोहाच्या नोंदी घेऊन ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे गेली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने अशी समिती प्रत्येक पंचायतीत असायला हवी, इथे कागदावर होती. सरपंचांना तिने आंबोलीचं उदाहरण दिलं: हिरण्यकेशीच्या उगमाजवळ २०२० मध्ये लोच या तळाशी राहणाऱ्या छोट्या माशाची एक नवी प्रजाती नोंदली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि पुढच्याच वर्षी तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. एका छोट्या माशासाठी जागा राखली जाते हे त्यांना नवीन होतं. आणि मुंबईचं ते जोगेश्वरीच्या विहिरीतल्या आंधळ्या माशाचं, २०२२ मध्ये मुंबादेवीच्या नावाने नोंदलेल्या, ते ऐकून समितीतले एक काका म्हणाले, आमच्या विहिरी पण बघ मग.

डोह वारसा स्थळ वगैरे झालेला नाही. झालं एवढंच की लोकजैवविविधता नोंदवहीत डोहाची आणि माशांची पानं लागली, नावं मावशींनी सांगितली तशीच, आणि फार्महाउसवाल्यांशी बोलून एप्रिल-मेमध्ये मोटर रात्री बंद ठेवायचं ठरलं. २०२४ ला बऱ्यापैकी पाळलं. २०२५ ला मालक बदलला, मेच्या मध्यापर्यंत मोटर पुन्हा चालू, मग पावसाने लवकर येऊन वाचवलं. पाच घरांनी वलगणीत एका ओढ्याच्या तोंडाशी खोयन लावायची नाही असं ठरवलंय, ते मात्र टिकलंय.

नोकरीचं म्हणाल तर एमएससी झाल्यावर सहा ठिकाणी अर्ज, पाच ठिकाणी नाही. परदेशी छोट्या ग्रँटचा एक अर्ज नापास, कारण त्यात डोह वाचवायचं खूप लिहिलं होतं आणि मोजायचं कसं ते दोनच ओळींत. ऑगस्ट २०२४ मध्ये पश्चिम घाटातल्या माशांच्या एका सर्वेक्षणावर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून घेतलं. मुलाखतीत यादीबद्दल एकही प्रश्न नाही, पाऊण तास डोहाच्या वहीवर. वर्षावर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे, पगार लॅबपेक्षा जास्त आहे पण कधी दोन महिने उशिरा येतो, तेव्हा शिकवणीतले साठवलेले पैसे उपयोगी पडतात. आता नेट परीक्षेची तयारी चाललीय, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० आणि पीएचडीची वाट.

काय वेगळं करता आलं असतं

पोहणं. ती दीड वर्ष पोहता न येता नदीत उतरत होती आणि मी एकदाही विचारलं नाही, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. पावसाळ्यात पायाला जखम असताना पाण्यात उतरल्यावर लेप्टोच्या तापाची भीती असते हे मुंबईकराला सांगायला नको, तरी गमबूट तिने दुसऱ्या वर्षी घेतले. ते आधी व्हायला हवं होतं.

परवानग्यांचा अर्ज पहिल्या महिन्यात टाकायचा, मिळो न मिळो. नॅशनल पार्कातला तिचा अर्ज तेव्हाच गेला असता तर दुसऱ्या वर्षी दहिसर नदीचा वरचा भाग बघता आला असता, आणि शहरातल्या नदीशी तुलना झाली असती, ती आता राहून गेली.

लोचच्या एका प्रकारावर अजून प्रश्नचिन्ह आहे. फोटो चांगले आहेत पण नमुना ठेवला नाही, कारण मासा मारायला तिचं मन धजेना. मी त्या वेळी आग्रह धरला नाही. रीतसर परवानगी काढून दोन नमुने संग्रहालयात जमा केले असते तर आज ती प्रजाती कोणती ते सांगता आलं असतं, आणि जिचं नाव माहीत नाही तिला धोक्याच्या यादीत तरी कसं घालणार? यावर आमचं दोघींचं अजून एकमत नाही. ती म्हणते पंखाचा कणभर तुकडा स्पिरिटमध्ये ठेवून डीएनएवरून बघू. नुसत्या तुकड्यावर नवीन प्रजातीचं वर्णन करता येत नाही, पण ओळखीचीच निघाली तर तेवढ्यात भागेल, म्हणून आधी तेच करतोय.

नकाशाचं सॉफ्टवेअर आणि आकडेमोड ती नोकरी लागल्यावर शिकली, फुकट आहे, घरी बसून ऑनलाइनच्या दिवसांत शिकता आलं असतं. आणि बोलण्याआधी ऐकणं. वलगणीच्या रात्री मावशींच्या शेजारी बसून त्यांनाच विचारलं असतं की तुमच्या लहानपणी कोणता मासा चढायचा जो आता चढत नाही, तर त्या रात्रीतून किती मिळालं असतं. तिने ते २०२५ च्या वलगणीत विचारलं. मावशींनी तीन नावं सांगितली. त्यातलं एक आहेर, समुद्रात अंडी घालायला जाणारा आणि पिल्लांनी नदी चढून वर येणारा, तो खालचा बंधारा झाल्यापासून दिसत नाही म्हणाल्या. उरलेली दोन नावं कुठल्या माशांची आहेत ते आम्ही शोधतोय, मावशी म्हणतात दिसला तर लगेच सांगेन.